क्लॅरिनेटच्या पेटीतली क्वार्टर

"खरं सांगा मास्तर, रोज घेता की अधूनमधून?"

डॉक्टर मगदुमांच्या लेखी अण्णा घेतात हे ठरलेलंच होतं, आता फक्त वेळापत्रक लिहून घ्यायचं बाकी होतं. अण्णांनी मिशीवर हात ठेवला. शेजारच्या स्टुलावर आई बसली होती, तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. स्टूल एकच असल्यामुळे मी दोघांच्या मधे उभी होते.

"मी घेत न्हाई," अण्णा हाताआडूनच म्हणाले.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचे दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हा सहा महिन्यांपूर्वीचा. फॅटी लिव्हर, ग्रेड वन. म्हणजे लिव्हरवर थोडी चरबी. मी म्हणालो गोड बंद करा, रोज चाला. तुम्ही चार किलो उतरलात, शाब्बास. आता हा कालचा. ग्रेड टू, वर लिव्हरला सूज, रक्तातले आकडे दुप्पट. वजन उतरलं की चरबीही उतरायला पाहिजे. तुमची चढलीय. याचं कारण मला सापडत नाही. आणि कारण सापडत नाही तेव्हा बहुतेक वेळा पेशंट काहीतरी लपवत असतो."

आईनं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी भिंतीवरच्या लिव्हरच्या चित्राकडे बघितलं. माणूस लपवतोय हे मगदुमांच्या कंपाउंडरलासुद्धा दिसत होतं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आता विट्यात माझा स्वतःचा दवाखाना आहे, दारावर 'डॉ. रेश्मा ऐवळे, दंतवैद्य' अशी पाटी आहे. तेव्हा मी सांगलीला डेंटल कॉलेजात इंटर्नशिप करत होते आणि वडिलांच्या रिपोर्टपायी तीन दिवसांची रजा टाकून घरी आले होते.

माझे वडील महिपती ऐवळे, म्हणजे ऐवळे ब्रास बँडचे मास्तर. आमच्या घरात वाजवणं पिढ्यान्‌पिढ्यांचं. पंजोबा सनई वाजवायचे, आजोबांनी बँड काढला, आणि अण्णा क्लॅरिनेट वाजवायला लागले तेव्हापासून खानापूर तालुक्यात नवरदेव घोड्यावर चढायचा तो अण्णांची सुरावट ऐकूनच. पण बँडचं नाव झालं ते दुसऱ्याच कारणानं. आमचा बँड कोरडा. वाजवणारा कोणीही प्यायलेला असेल तर त्याला गणवेश मिळत नसे. वरातीत नाचणारे पडले तर पडू देत, वाजवणारे शेवटपर्यंत उभे राहतात, अशी ख्याती होती.

हा नियम खरं तर आईचा. तिचे वडील दारूपायी गेले. त्याआधी त्यांनी घरातली भांडीकुंडी, शेळ्या आणि आजीचा एक दात एवढं सगळं घालवलं होतं. आईनं लग्नाच्या बोलणीत, पाहुण्यांसमोर, मान वर करून सांगितलं होतं की मुलगा वाजंत्री असला तरी चालेल, पिणारा असला तर मी एक दिवस राहणार नाही. त्या काळी मुलीनं असं बोलायची पद्धत नव्हती. अण्णांना तिचं तेच आवडलं, असं ते सांगायचे.

त्यामुळे दवाखान्यातून घरी येईपर्यंत आई आमच्या दहा पावलं पुढं चालत राहिली, याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता. घरी आल्यावर तिनं खुंटीवरची पिशवी काढली आणि तीन लुगडी घडी करून आत घातली.

"परवा सकाळच्या गाडीनं मी जतला दादाकडं जाते," ती मला म्हणाली. अण्णा दोन हात अंतरावर बसले होते, पण ती माझ्याशीच बोलत होती. "तवर त्यानं खरं काय ते सांगावं. न सांगता राहिला तर मी परत येत न्हाई."

"आक्का, आगं न्हाई घेत म्हणलं न्हवं," अण्णा म्हणाले. आईचं नाव आक्काताई.

"रेश्मे, त्याला इचार, रोज सांजच्याला परसात जाऊन काय करतो. इचार, तोंडाला वास कसला येतो. इचार, आठ महिनं झालं खिशात लवंगा कशापायी असत्यात. आमचा बाप बी लवंगा खाऊनच घरात याचा."

मी विचारलं. अण्णा म्हणाले, "लवंग चांगली असती तब्येतीला." आणि उठून बाहेर गेले.

आता एक कबुली देऊन टाकते. मलाही आईचंच पटलं होतं. पाच वर्षं दातांचं शिकलेली मी, गल्लीतल्या प्रत्येकाला अंगणात बसवून आ करायला लावलेली मी, आणि बाप लवंगा चघळतोय म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिली आली ती दारू. लवंग माणूस कशासाठी दाढेखाली धरतो हे विट्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण घरात एकदा संशय शिरला की शिकलेलं सगळं उंबऱ्याबाहेर राहतं.

अण्णांचे दात मी कधीच बघितले नव्हते. प्रत्येक सुट्टीत मी मागे लागायचे, प्रत्येक वेळी ते निसटायचे. "माजं दात पोलादी हायत, तू रोग्यांचं बघ," म्हणायचे आणि हसताना हात तोंडावर घ्यायचे. मला वाटायचं, वय झालं, माणूस गंभीर होत चाललाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दाढी करायला सलूनमध्ये गेले. ते वळणाआड होताच आईनं मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. कोनाड्यात क्लॅरिनेटची काळी पेटी होती.

"उघड," ती म्हणाली.

"तूच उघड की."

"माजी छाती न्हाई हुत."

त्या पेटीला घरात कोणी हात लावत नसे. मी खटके काढले. आत निळ्या मखमलीत क्लॅरिनेटचे पाच तुकडे आपापल्या जागी झोपलेले. वर पिवळं पुसायचं फडकं. फडकं उचललं, तर खाली चपटी क्वार्टर. देशी. निम्मी संपलेली.

आईनं ती बघितली, मागच्या मागं वळली आणि चुलीपुढे जाऊन बसली. रडली नाही. तिनं पिशवीत चौथं लुगडं घातलं, ते मला तिथूनच दिसलं.

मी पेटीपुढे मांडी घालून बसून राहिले. मला अण्णांचा इतका राग आला होता की क्लॅरिनेट उचलून फेकावी असं वाटत होतं. फेकण्यासाठी जो पहिला तुकडा हातात आला तो माउथपीस होता. आणि हातात आल्यावर मी त्याच्याकडे बघितलं.

क्लॅरिनेट कशी धरतात ते थोडक्यात सांगते. खालचा ओठ वेताच्या पत्तीखाली जातो, आणि वरचे पुढचे दोन दात माउथपीसवर टेकतात. सगळा भार त्या दोन दातांवर. तीस वर्षं एकाच माणसानं वाजवलं की तिथं दातांचे दोन खड्डे पडतात. अण्णांचे खड्डे लहानपणी मी बोटानं चाचपायचे. ते होते तिथंच होते, मधोमध. पण त्यांत मळ साचला होता. गेले कित्येक महिने तिथं दात टेकलेच नव्हते. त्याऐवजी डाव्या कडेला नवे ओरखडे होते, अरुंद आणि खोल. ते सुळ्याचे होते. क्लॅरिनेट सुळ्यावर धरून कोणी वाजवत नाही. वाजवायचीच झाली तर मान वाकडी करून, जबडा आवळून, जीव मुठीत धरून वाजवावी लागेल. पत्ती उलटी केली तर तिच्या टोकाशी तांबूस डाग होते.

कॉलेजात एक्स-रे वाचायला शिकवतात. हे वाचायला कोणी शिकवलं नव्हतं, पण अक्षर स्वच्छ होतं.

अण्णा सलूनमधून आले ते मी त्यांना तसंच परसात नेलं आणि धुण्याच्या दगडावर बसवलं. हातात स्टीलचा चमचा होता.

"आ करा."

"कशाला?"

"आ करा म्हणते ना."

"लाज हाय का? बापाला आ कर म्हणती."

मी ओढणीआड लपवलेला माउथपीस पुढे केला आणि डाव्या कडेवर नख ठेवलं. अण्णांनी माउथपीस बघितला, मला बघितलं, मग आभाळ बघितलं. आणि तोंड उघडलं.

काय वर्णन करू? हिरड्या वांग्याच्या रंगाच्या. दातांच्या मुळाशी पिवळ्या दगडासारखं कीटण. चमच्याची दांडी नुसती टेकवली तर रक्त आलं, दोन ठिकाणी पू आला. पुढचे दोन दात बोटानं हलत होते. आणि वास असा की मी इंटर्न असूनही मागं सरकले. तो दारूचा वास नव्हता. दारूनं थोडा झाकलेला वास होता.

"कधीपासून?"

"आठ महिनं. आधी नुसतं रगात याचं. मंग हलाय लागलं." त्यांनी हात तोंडावर नेला, मग आता काय राहिलंय म्हणून खाली घेतला. "त्या करंज्याच्या बँडमधला एक ट्रंपेटवाला म्हणला, घोटभर देशी तोंडात घ्याची, शंभर आकडं मोजाचं आन् थुकून द्याची. किडं मरत्यात आन् बधिर हुतं. बधिर झालं की तासभर वाजवता येतं."

"आणि ठणका लागला की लवंग."

"व्हय."

"अण्णा, देशीनं किडे मरत नाहीत. हिरड्या भाजतात."

"मला काय ठावं? मी काय डाक्टर हाय?"

"घरात एक डॉक्टर होती."

ते दगडावरचा साबण नखानं खरवडू लागले. "म्हणूनच न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "दुसऱ्या डाक्टरनं दात काडा म्हणलं असतं तर मी पळून आलो असतो. तू म्हणली असतीस तर ऐकावं लागलं असतं. आन् दोन दात गेलं म्हंजे क्लॅरिनेट गेली. मंग मी काय करू, झांजा वाजवू?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही आवरून मी चपला घातल्या आणि मगदुमांकडे पळाले. कारण अण्णांच्या तोंडात बघताना मला कॉलेजातलं एक लेक्चर आठवलं होतं. सरांनी शेवटच्या पाच मिनिटांत, परीक्षेला येणार नाही असं सांगून, घाईघाईत उरकलेलं.

डॉक्टरांनी मला निम्म्यात थांबवलं नाही, हे त्यांचं मोठेपण. सगळं ऐकलं, चष्मा काढला.

"मी तोंडात बघितलंच नाही," ते म्हणाले. "जीभ बाहेर काढा म्हणालो, त्यांनी टोक दाखवलं, मी समाधान मानलं."

"सर, हिरड्यांचे जंतू आणि लिव्हर यांचा संबंध असतो ना?"

"असू शकतो. अलीकडे वाचण्यात येतंय. माणूस दिवसभरात लिटरभर लाळ गिळतो. हिरड्यांत पू असला तर ते जंतू लाळेबरोबर पोटात जातात. बरेचसे मरतात, काही आतड्यात टिकतात, तिथलं अस्तर बिघडवतात, आणि मग त्यांचं विष रक्तातून थेट लिव्हरला. काही हिरड्यांतूनही रक्तात शिरतात. आधीच चरबी असलेल्या लिव्हरला हे जास्त झेपत नाही. ज्यांच्या हिरड्या वाईट त्यांचं लिव्हरही जास्त बिघडलेलं, असं पुष्कळ ठिकाणी दिसलंय. पण त्यामुळेच बिघडतं असं छातीठोक कोणी म्हणत नाही अजून."

"मग तुम्ही आईला सांगा ना, की अण्णा पीत नाहीत, हे हिरड्यांमुळे झालंय."

"रेश्मा, मी एवढंच सांगू शकतो की हिरड्यांमुळे झालं असू शकतं. लगेच उपचार कर, चालणं चालू ठेवू दे, मी तीन महिन्यांनी रक्त तपासतो. पण त्यांनी ती दारू थुंकली की गिळली, हे माझ्या कुठल्याही मशीनला कळणार नाही."

"आईला 'असू शकतं' चालत नाही, सर."

"मला ठाऊक आहे. मीही लग्न झालेला माणूस आहे."

पुढचं इथंच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. सांगलीला नेऊन मी आणि माझ्या मॅडमनी अण्णांच्या हिरड्या चार बैठकांत साफ केल्या. दोन दातांपैकी एक वाचला, एक गेला. गेलेल्याच्या जागी बसवलेला दात इतका पक्का बसला की अण्णा अजून लग्नसराईत वाजवतात, फक्त उंच सूर लावताना डोळे मिटतात. लिव्हर वर्षभरात पुन्हा ग्रेड वनवर आलं. हिरड्या सुधारल्या म्हणून, की वरातीनंतरच्या पंगतीतली जिलेबी कायमची सुटली म्हणून, हे मगदूम आजही सांगत नाहीत. दोन्हींमुळे असू शकतं, म्हणतात.

पण तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी यातलं काही झालेलं नव्हतं. त्या सकाळी आई पिशवी घेऊन ओसरीत उभी होती आणि जतची गाडी सव्वानऊला होती.

मी रात्रीच तिला सगळं सांगितलं होतं. सकाळी परत सांगितलं. माउथपीस दाखवला, पत्तीवरचे डाग दाखवले, मगदुमांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. लाळ, जंतू, आतडं, लिव्हर. आईनं नीट ऐकलं. तिला समजलंही, शाळा चौथीपर्यंतची असली तरी तिला समजायला कधीच वेळ लागत नाही.

"म्हंजे दात किडलं त्याचं, ते खरं," ती म्हणाली. "हिरड्याचं बी खरं धरते. पर बाटली पेटीत हुती का न्हवती?"

"होती. पण ते थुंकायचे."

"तू बगितलंस?"

मी परत माउथपीस पुढे केला. तिनं तो हातानं बाजूला सारला.

"आठ महिनं माणूस रोज दारू तोंडात घेतो आन् थुकतो. आसं कोण करतं रेश्मे? तू कर बरं, रोज जिलबी चावून थुकून दे."

ओसरीच्या खांबाला टेकून अण्णा उभे होते. गणवेशाची पँट आणि वर बनियन, कारण दुपारी लेंगऱ्याला लग्न होतं. मी त्यांच्याकडे बघून डोळ्यांनी खुणावलं, बोला आता. शपथ घ्या, देवाचं नाव घ्या, काहीतरी करा. आई पायरी उतरली.

"आक्का," अण्णा म्हणाले, "एकदा गिळली."

मी कपाळावर हात मारून घेतला. कालपासून मी वकिली करत होते आणि माझा अशील आपणहून फाशीच्या दोराला मान लावत होता.

आई थांबली. "कवा?"

"पयल्याच दिशी. ठावं नव्हतं किती घ्याची. लई घेतली, ठसका लागला, आन् एक घोट गेला खाली." त्यांचा आवाज बारीक झाला. "मंग न्हाई गेला. पर तो एक गेला. तुला दिलेला शबुद मोडला म्हणून मंग सांगायचं तोंडच राह्यलं न्हाई."

"कुठं हुतास तू तवा?" आई रागात असली की अहो-जाहो विसरते.

"परसात. लिंबाखाली. वकलो बी थोडं."

आईनं पिशवी पायरीवर ठेवली. मला वाटलं आता काही खरं नाही, आता ती दोन्ही हात मोकळे करून बोलणार. पण ती माझ्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आमचा बाप दारात पडलेला असायचा, कापडं भरलेली असायची, तरी म्हणायचा, न्हाई घेतली. मरस्तवर एक घोट कबूल केला न्हाई त्यानं. पिणाऱ्याला घोट मोजताच येत न्हाईत रेश्मे. ह्याला आठ महिन्यामागचा एक घोट ध्यानात हाय."

गाडीचा हॉर्न चौकात वाजला आणि लांब गेला. आईनं तिकडं बघितलंही नाही. ती वर चढली, अण्णांपुढे उभी राहिली, त्यांची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं.

"आ करा," ती म्हणाली.

अण्णांनी माझ्यासाठी केला होता त्याहून मोठा आ केला. आठ महिने त्या तोंडाचा नुसता वास घेत आलेली माझी आई चवड्यावर उभी राहून आत बघत राहिली, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. तिचा हात हनुवटीवरून गालावर गेला आणि तिथंच राहिला.

"लई दुखत असंल की वो," ती म्हणाली.

अण्णांना तोंड मिटल्याशिवाय बोलता येत नव्हतं, आणि ती मिटू देत नव्हती. त्यांनी नुसती मान हलवली, होय म्हणून.